बरोबर तोललेलं खोटं माप

काटा अचूक आहे. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे. किलोभर म्हणून दिलेली वस्तू खरोखरच किलोभर भरते. एवढं सगळं चोख असूनही दुकानदाराच्या हातून खोट्या मापाचा दोष घडू शकतो का? माझं पलूसमध्ये खतं-औषधांचं दुकान आहे आणि मी दिगंबर जैन घरातला आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी प्रवचनापुरता नाही, रोज सकाळी शटर वर गेलं की तो माझ्यासमोर येऊन बसतो. दोष घडू शकतो, असं माझं उत्तर आहे. या उत्तरापर्यंत मला एकट्या शास्त्राने आणलं नाही. त्यासाठी रसायनशास्त्रातलं मोलर वस्तुमान नीट समजून घ्यावं लागलं.

आधी व्रताचं सांगतो. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, दहा धर्म आणि तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक. उमास्वामींच्या या ग्रंथातला पाचवा अध्याय अजीव द्रव्यांचा. ज्याला स्पर्श, रस, गंध आणि वर्ण आहे त्या पुद्गलाचा, म्हणजे परमाणूपासून पर्वतापर्यंतच्या सगळ्या जड वस्तूंचा विचार त्यात येतो. आमच्याकडे तो वाचायचा दिवस उत्तम सत्याचा असतो. सातवा अध्याय व्रतांचा. गृहस्थाच्या अचौर्य व्रताला लागणारे पाच अतिचार, म्हणजे दोष, तिथे सांगितले आहेत, आणि त्यातले शेवटचे दोन थेट दुकानदाराच्या गादीशी येऊन थांबतात. एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त भरेल असं माप वापरणं. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखी दिसणारी नक्कल अस्सल म्हणून खपवणं. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत त्यासाठी बनावट सोन्याचं उदाहरण घेतलं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पेंड आणि बियाणं विकायचे. मालाचं पारडं ते दर तोलाला ओल्या फडक्याने पुसायचे. पारड्याला चिकटून राहिलेली पेंड पुढच्या गिऱ्हाइकाच्या मालात मोजली जाते आणि तेवढा माल त्याला कमी जातो, असं त्यांचं म्हणणं. अतिचार टाळायचा म्हणजे काय, हे मी त्या फडक्यावरून शिकलो. पण आप्पांच्या मालाची जात वेगळी होती. गिऱ्हाइकाला पेंड हवी असायची आणि पारड्यात पेंडच असायची. माझ्याकडे येणारा शेतकरी युरिया मागतो, पण त्याला युरिया नको असतो. त्याला नत्र हवं असतं. तो झिंक म्हणतो आणि मी देतो ती झिंक सल्फेटची पिशवी. त्याला हवी ती वस्तू दुसऱ्या कशाला तरी बांधलेली असते, आणि किती बांधलेली आहे हे कुठलाच काटा सांगत नाही.

ते मोलर वस्तुमान सांगतं. युरियाचंच घ्या. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. प्रत्येकाचं अणुवस्तुमान मांडायचं: १२.०१, १६.००, दोनदा १४.०१ आणि चारदा १.००८. बेरीज होते सुमारे ६०.०६. त्यातला नायट्रोजनचा वाटा २८.०१, म्हणजे शेकडा ४६.६. पोत्यावर ४६ टक्के नत्र छापलेलं असतं ते इथून आलं. उरलेल्या अर्ध्या टक्क्याची जागा ओलाव्याला आणि अशुद्धीला सोडलेली असते. २०१८ सालापासून युरियाचं पोतं ५० किलोऐवजी ४५ किलोचं झालं. त्यात नत्र भरतं २० किलो ७०० ग्रॅम. बाकीचे चोवीस-सव्वाचोवीस किलो आपण गाडीत घालून शेतावर नेतो ते त्या नत्राला धरून ठेवणारे सोबती.

पण टक्केवारी ही या गोष्टीची वरची बाजू झाली. खालची बाजू संख्येची आहे. किलोभर ज्वारी आणि किलोभर मोहरी यांचं वजन सारखं असलं तरी दाणे सारखे नसतात. तसंच अणू-रेणूंचंही आहे. मात्र प्रत्येक पदार्थाचं एक असं वजन असतं, की तेवढे ग्रॅम घेतले की त्यातल्या कणांची संख्या ठरलेली येते. पाण्याचे १८ ग्रॅम, युरियाचे ६० ग्रॅम, मोरचुदाचे २४९.७ ग्रॅम. वजनं वेगळी, पण तिन्ही ढिगांत रेणूंचा आकडा एकच. त्या आकड्याला मोल म्हणतात आणि त्या वजनाला मोलर वस्तुमान. आकडा आहे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्याकडे भास्कराचार्यांनी लीलावतीत संख्यास्थानांची नावं परार्धापर्यंत नेली आहेत, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. त्या हिशेबाने एक मोल म्हणजे साठ लाख बावीस हजार परार्ध. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एका घोटाइतकंही नाही, आणि त्यात एवढे रेणू.

आता दुकानातलं. आमच्या पट्ट्यात ऊस आणि द्राक्ष, आणि कृष्णाकाठच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत जस्त पिकाला सहज मिळत नाही. त्यामुळे झिंक सल्फेटला कायम मागणी. ते दोन प्रकारचं येतं. एकावर २१ टक्के छापलेलं असतं, दुसऱ्यावर ३३. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ही दोन वेगळी खतं आहेत. अमणापूरचे एक तात्या माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. दोन्ही पिशव्या हातात घेऊन ते म्हणाले, "आण्णा, झिंक त्ये झिंकच की. मग ह्यो स्वस्त आन् त्यो म्हाग कशापायी?"

मी पावतीपुस्तकाच्या पाठीमागे त्यांना मांडून दाखवलं. दोन्हीमध्ये जस्ताचा अणू एक, गंधकाचा एक, ऑक्सिजनचे चार. इथपर्यंत फरक नाही. पण एकाच्या स्फटिकात पाण्याचे सात रेणू अडकलेले आहेत आणि दुसऱ्यात एकच. म्हणून पहिल्याचं मोलर वस्तुमान २८७.५ आणि दुसऱ्याचं १७९.५. जस्ताचा वाटा दोन्हीकडे तेवढाच, ६५.४. म्हणजे सात पाण्याच्या पिशवीत शंभरातले जवळजवळ ४४ भाग पाणी. पिशवी कोरडी, स्फटिक कोरडे, हाताला ओल लागत नाही, आणि दहा किलोत चार किलो चारशे ग्रॅम पाणी आहे. ते दहा किलो जेवढं जस्त देतात तेवढंच एका पाण्याचं सव्वासहा किलो देतं. शुद्धतेसाठी सोडलेली सूट धरली तर साडेसहाच्या आत. तात्यांनी दोन्ही पिशव्या परत टेबलावर ठेवल्या, दर विचारला, मनाशी भागाकार केला आणि मग घ्यायची ती घेतली. जाताना एवढंच म्हणाले, "ह्ये आधी कुनी सांगितलं न्हाई."

माझा प्रश्न इथे सुरू होतो. सात पाण्याचं झिंक विकणं हे पाप नाही. ते पाणी कुणी मिसळलेलं नाही, तो त्या स्फटिकाचा स्वभाव आहे. पिशवीवर २१ छापलेलं आहे, कायदा पाळलेला आहे, वजन पुरेपूर आहे. तरीही ज्याला हा फरक माहीत आहे तो दुकानदार माहीत नसलेल्या गिऱ्हाइकासमोर गप्प बसतो तेव्हा काय घडतं? गिऱ्हाईक किलोचा हिशेब करतं, पीक अणूंचा हिशेब करतं, आणि या दोन हिशेबांमधली तफावत गल्ल्यात पडते. उलटंही होतं. शिफारस सात पाण्याच्या झिंकची असते आणि कुणी तेवढ्याच वजनाचं एका पाण्याचं झिंक फवारतं. जस्ताची मात्रा दीडपट होते आणि पान करपू शकतं. किलो तोच, काटा तोच, आणि माप मात्र बदललेलं.

आप्पा हयात असताना यावरून आमचा बराच वाद झाला. त्यांची बाजू कमकुवत नव्हती. गिऱ्हाइकाने मागितली ती वस्तू दिली, वजन पुरं दिलं, छापील दर घेतला. मग न दिलेलं असं मी काय घेतलं? चोरी म्हणजे न दिलेलं घेणं, आणि इथे तर त्याने स्वतःच्या हाताने पैसे दिले. मी म्हणायचो, त्याने पैसे दिले ते जस्तासाठी, पाण्यासाठी नव्हे. यावर ते म्हणत, मनात कपट नाही तिथे दोष कसा लावतोस? हा प्रश्न खरा आहे. आमच्या शास्त्रात हिंसा काय, चोरी काय, तिचं मूळ प्रमत्त योगात सांगितलं आहे. कषायाने, म्हणजे क्रोध-लोभासारख्या विकाराने, किंवा बेपर्वाईने वागणारं मन हवं. हातून नुसती क्रिया घडली म्हणून दोष लागत नाही. मग जो दुकानदार रसायनशास्त्र शिकलेलाच नाही त्याला हा अतिचार लागतो का?

यावर बराच विचार करून मी एका ठिकाणी आलो आहे. आप्पांच्या पिढीला दोष लागत नाही. त्यांच्या पारड्यात जे होतं ते त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं आणि त्यात खोट राहू नये म्हणून ते फडकं फिरवत होते. पण खतांचा धंदा करणाऱ्याच्या मालात जे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ते जाणण्याचं साधन शाळेच्या पुस्तकात उघडं पडलेलं आहे. ज्या गोष्टीवर आपलं पोट चालतं ती जाणून घेता येत असून घेतली नाही, तर त्याला अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. त्याचं नाव प्रमाद. आणि ज्याने ती जाणली आहे त्याला तर सबबच नाही. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं. प्रयोगशाळेत मुशीत निळं मोरचूद तापवताना मी पाहिलं आहे: निळा रंग कडेपासून उतरत जातो, खाली पांढरी भुकटी राहते, आणि गार झाल्यावर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की तेवढीच जागा पुन्हा निळी होते. २४९.७ भागांतले ९० भाग पाणी, मोरचुदाच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे किलो हा शब्द पहिल्यासारखा उच्चारता येत नाही.

आप्पांना माझं सगळं पटलं नाही. पण एक दिवस ते म्हणाले, "मग सांगून दे." एवढ्यावर आमचं जमलं, आणि माझ्या दुकानाचा नियमही तोच राहिला.

दुसरा अतिचार, प्रतिरूपक व्यवहार, याच झिंकच्या बाबतीत फार सरळ दिसतो. मॅग्नेशियम सल्फेट झिंक सल्फेटपेक्षा स्वस्त. त्यातही पाण्याचे सातच रेणू, स्फटिकांची घडण एकसारखी, रंग तोच, चकाकी तीच. झिंकमधली भेसळ बहुतेक वेळा याचीच असते. तळहातावर दोन्ही घेऊन पाहिलं तर मलासुद्धा ओळखू येत नाहीत. काट्याला तर दोन्ही सारखीच. पण मॅग्नेशियमचा अणू जस्ताचा अणू नव्हे आणि उसाच्या मुळाला जस्ताच्या जागी तो चालत नाही. याची एक साधी परीक्षा आहे, खत तपासणीत ती सांगितलीच जाते. एका ग्लासात थोडं डीएपी खत पाण्यात ढवळून फडक्यातून गाळायचं, दुसऱ्या ग्लासात झिंक विरघळवायचं आणि एकात एक ओतायचं. जस्त असेल तर बघता बघता पांढरा, गुठळ्यांचा दाट साका धरतो. नुसतं मॅग्नेशियम असेल तर तसा धरत नाही. डीएपीची परीक्षा तर याहून सोपी आणि आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला येणारी: दाणे तळहातावर घेऊन चुना टाकायचा आणि तंबाखू मळतात तसं मळायचं. अमोनियाचा झणका नाकात गेला की माल खरा. पूज्यपादांनी बनावट सोन्याचं नाव घेतलं तेव्हा सोनाराकडे कसोटीचा दगड होता. आमच्या काउंटरवर दोन काचेचे ग्लास आणि चुन्याची डबी ठेवायला काय हरकत आहे?

मोलर वस्तुमानाची ही गोष्ट मला केवळ धंद्याची वाटत नाही, याचं कारण खुद्द विज्ञान या दोषात जवळपास अर्धं शतक अडकून पडलं होतं. जॉन डाल्टनने १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथात मांडला. पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे असं त्याने साधेपणासाठी धरून टाकलं, आणि वजनं करून ऑक्सिजनचा भार हायड्रोजनच्या ७ पट काढला. पुढे तोलण्यात सुधारणा झाली आणि आकडा ८ वर आला. पण खरा आकडा १६ च्या आसपास आहे, कारण पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन असतात. काटा कितीही चांगला आणला असता तरी ८ चे १६ झाले नसते. चूक तोलण्यात नव्हती, मोजण्यात होती. इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्येच वाट दाखवली होती: सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत कणांची संख्या सारखी. त्याचं म्हणणं फार थोड्यांनी मनावर घेतलं. तो १८५६ मध्ये गेला. १८६० साली जर्मनीत कार्ल्सरूह इथे रसायनज्ञ जमले, तिथे त्याच्याच देशाच्या कॅनिझारोने तो विचार पुन्हा मांडला आणि त्याची पुस्तिका परिषदेत वाटली गेली. तरुण मेंडेलीव्ह तिथे हजर होता. नऊ वर्षांनी त्याने अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्यांची सारणी मांडली. १८११ ते १८६० या मधल्या काळात पाण्याचं सूत्रसुद्धा सगळे एकसारखं लिहीत नव्हते. प्रयोगशाळेतले ते लोक लबाड नव्हते, एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देत नव्हते. तरी माप चुकतच होतं.

मग वजन नेमकं कुणाचं? एका अणूचं की ढिगाचं? याबाबत आमच्या परंपरेत एक बारीक विचार आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पुद्गलाचे आठ स्पर्श सांगितले आहेत: शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, मृदू-कठीण आणि गुरू-लघू. पण एकट्या परमाणूत त्यातले दोनच मानले आहेत. शीत-उष्णातला एक आणि स्निग्ध-रूक्षातला एक. जड-हलकं आणि मऊ-कठीण हे गुण परमाणूचे नव्हेतच. परमाणू एकत्र येऊन स्कंध झाला की ते येतात. एकत्र येण्यालाही संख्येचा नियम आहे. स्निग्धता-रूक्षतेचे अंश मोजायचे, सर्वांत कमी अंशाचा परमाणू जोडला जात नाही, आणि दोन अंशांचा फरक असेल तेव्हा बंध होतो.

हे वाचून काही लोक लगेच म्हणतात की आधुनिक रसायनशास्त्र आमच्याकडे आधीच होतं. मला हे बोलणं आवडत नाही. ते शास्त्राचाही मान ठेवत नाही आणि विज्ञानाचाही. आजच्या विज्ञानात एकेका अणूला वस्तुमान आहे. हायड्रोजनच्या अणूचं एका ग्रॅमच्या सुमारे साठ लाख परार्धाव्या भागाइतकं. जैन आचार्यांनी परमाणूला भार नाही म्हटलं. हे दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही, आणि ओढूनताणून जुळवणारही नाही. तत्त्वार्थसूत्रात मोलर वस्तुमान नाही. त्यात जे आहे ते एक खरं निरीक्षण आहे: जड-हलकं हा अनुभव माणसाला नेहमी स्कंधाचा येतो. पारड्यात परमाणू कधी येत नाही, ढीगच येतो. ढिगाच्या वजनावरून एकाचं वजन काढायचं तर त्या ढिगात किती आहेत हे कळलं पाहिजे. मोलर वस्तुमान म्हणजे ढिगापासून एकापर्यंत जाण्याची वाट. ही वाट नव्हती म्हणूनच एका अणूविषयी तेव्हा खात्रीने काही बोलता येत नव्हतं.

आणि ही वाट चालायला अणूंवर आधी श्रद्धा ठेवावी लागते असंही नाही. मोल ही संज्ञा रसायनशास्त्रात रुजवणारा ओस्टवाल्ड स्वतः अणूंचं अस्तित्व मानत नव्हता. त्याच्या लेखी तो केवळ वजनांचा हिशेब होता. फ्रान्सच्या जाँ पेरँने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल मोजून, वेगवेगळ्या वाटांनी मोलचा तोच आकडा पुन्हा पुन्हा काढून दाखवला, तेव्हा १९०९ च्या सुमारास ओस्टवाल्डने अणू मान्य केले. मला त्याचं मान्य करणं जेवढं मोठं वाटतं तेवढंच आधीचं न मानणंही. पुरावा येईपर्यंत तो थांबला, आणि पुरावा आल्यावर अडून राहिला नाही. सम्यक् ज्ञानाकडे जायची रीत याहून निराळी असेल असं मला वाटत नाही.

२० मे २०१९ पासून तर जगाने वजन आणि संख्या यांची जागाच बदलली. तोवर मोलची व्याख्या वजनावरून होती: कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जेवढे अणू तेवढे कण. आता आकडा आधी ठरवला आहे, नेमका ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, आणि वजन त्याच्या मागून येतं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी शुद्ध सिलिकॉनचा किलोभराचा गोळा घडवून त्यातले अणू जवळजवळ मोजून काढले. ज्याला पारड्यात घालता येत नाही त्याची मोजदाद पक्की, आणि पारड्यातलं वजन मोजमापाच्या आधीन. व्यापार करणाऱ्याने यातून घ्यायचं ते घ्यावं.

मोलर वस्तुमान आलं की सगळं आलं, असा मात्र माझा दावा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा राहिली की द्राक्षावर दावण्या रोग येतो आणि सगळा तालुका बोर्डो मिश्रणाच्या फवारणीमागे लागतो. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, आणि चुना. कागदावर हिशेब केला तर किलोभर मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सव्वादोनशे ग्रॅम पुरतो, कारण २४९.७ ला ५६.१ लागतो. पण बाजारात मिळणारा चुना शुद्ध नसतो. त्यात खडे असतात, माती असते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग खडू झालेला असतो. म्हणून जुनी माणसं विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर धरला की मोकळं तांबं शिल्लक आहे, ते पान जाळणार, अजून चुना घाला. थर धरला नाही की फवारायला हरकत नाही. इथे कागदावरच्या हिशेबाहून लोखंडाचं पातं जास्त खरं बोलतं. तसंच जमिनीचं. चुनखडीच्या रानात टाकलेल्या जस्तातलं बरंच मातीतच अडकून पडतं. चिलेटेड झिंकमध्ये जस्त १२ टक्केच, तरी ते अडकत नाही म्हणून उपयोगाला जास्त येतं. संख्या कळली म्हणजे सगळं कळलं असं नाही. पण संख्या कळल्याशिवाय पुढचं बोलताच येत नाही.

पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्र आचार्यांनी चोरीला हिंसेतच धरलं आहे; धन हे माणसाचे देहाबाहेर वावरणारे प्राणच आहेत, असा त्यांचा विचार आहे. आमच्याकडे द्राक्षबाग लावणारा माणूस एका हंगामावर वर्षाचा संसार, मुलीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज लावून बसतो. त्याच्या बागेत पाणीच जास्त आणि जस्त कमी गेलं, किंवा जस्ताच्या नावाने मॅग्नेशियम गेलं, तर ते केवळ पावतीवरचं नुकसान नाही. म्हणून हा विषय मला प्रवचनात यायला हवा असं वाटतं. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय वाचताना हीनाधिक मानोन्मानापाशी थांबून महाराजांनी किंवा पंडितजींनी झिंकच्या पिशवीचं उदाहरण द्यावं. समोर बसलेल्यांत कितीतरी बागायतदार असतात आणि माझ्यासारखे दुकानदारही.

शाळांनाही एक विनंती आहे. नववीच्या विज्ञानात मुलं मोल आणि रेणुवस्तुमान शिकतात. मीठ आणि पाणी यांच्या बेरजा करतात, परीक्षेत गुण मिळवतात आणि विसरतात. पलूस, कुंडल, भिलवडी, अंकलखोपच्या शिक्षकांनी त्या तासाला घरून युरियाचं आणि झिंकचं रिकामं पोतं आणायला सांगावं. ४६ कसे आले, २१ कसे आले, हे मुलांनी स्वतः काढावं आणि घरी जाऊन वडिलांना सांगावं. लागतील तेवढ्या रिकाम्या पिशव्या मी देईन.

माझ्या व्यवसायबंधूंना सांगणं एवढंच की झिंकच्या दोन्ही पिशव्यांवर किलोच्या दराबरोबर जस्ताच्या किलोचा दरही खडूने लिहा. आणि शेतकरी बांधवांनो, दुकानातून बाहेर पडण्याआधी पिशवीची मागची बाजू वाचा. २१ आहे की ३३ ते बघा. अक्षर बारीक असेल तर दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्या. कुणी वाचून दाखवायला कुरकुर केली, तर दुसऱ्या दुकानात जा.